वर काय लिहायचं?

कंपनीतला मोठा घण पडला की आमच्या घरातल्या हंड्यातलं पाणी थरथरायचं. पिंपरीत रेल्वे लायनीपलीकडच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्या फोर्जिंग शॉपमध्ये कामाला होते त्याची मागची भिंत आमच्या दारातून दिसायची. घणाचा आवाज आम्हाला इतका अंगवळणी पडला होता की तो आम्हाला ऐकूच येत नसे. बंद पडला की मात्र आई हातातलं काम टाकून दारात यायची आणि शेजारणीला विचारायची, ‘‘आज काय झालं गं तिकडं?’’ जेवणाची सुट्टी असली तरी तिचा हा प्रश्न ठरलेला. वर्षानुवर्षं त्या घणापाशी उभं राहून अण्णांचे कान गेल्यातच जमा होते. घरात ते नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलायचे, आणि आपण कुजबुजतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत असायची. त्यामुळे आमच्या घरात गुपित म्हणून काही राहिलं नाही. कुणाला ताप आला, कुणाचं स्थळ मोडलं, सगळं वस्तीला त्याच दिवशी कळायचं.

पहाटे आईचा स्टोव्ह फुरफुरायला लागला की मला जाग यायची. बाजरीची भाकरी थापतानाचा तो थप थप आवाज, तव्यावर परतलेल्या सुकटीचा वास, आणि अण्णांचं न्हाणीतलं मोठ्यानं खाकरणं. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना कंपनी गूळ द्यायची. आपल्या वाट्याचा गूळ अण्णा खायचे नाहीत, कागदात बांधून घरी आणायचे. त्याला किंचित मशीनच्या तेलाचा वास असायचा. आज कुणी सेंद्रिय गूळ म्हणून महागाचा डबा आणून दिला तरी मला तो बेचव वाटतो, आणि हे मी बोलून दाखवते म्हणून माझी सून हसते.

आतल्या खोलीच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. आमच्यातल्या कुठल्याही घरात असतात त्याच. त्यांच्याखाली लाकडी फळी, फळीवर मेणबत्ती आणि आईनं धुऊन ठेवलेला काचेचा पेला, त्यात फुलं. अण्णा लहान असताना त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला, मावळातल्या गावी घरातले देवाचे टाक एका पाटीत घातले आणि पवना नदीत सोडून दिले. ती पाटी अण्णांच्या डोक्यावर होती. चालताना टाक एकमेकांवर आपटून वाजत होते आणि आपण फार घाबरलो होतो, हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. ‘‘पर पाटी रिकामी झाली अन् मान अशी हलकी झाली म्हनतीस!’’ एवढं सांगून झालं की ते खरोखरच मान इकडून तिकडे वळवून दाखवायचे. त्या पाटीबद्दल मी इथे लिहिलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

बारावी झाल्यावर मी टायपिंग शिकले आणि चिंचवडला देवधर काकांच्या दुकानात लागले. काकांचा आधी छापखाना होता, शिशाच्या खिळ्यांचा. तो मोडीत काढून त्यांनी एक कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर घेतला होता आणि बाहेर ‘डीटीपी’ अशी पाटी लावली होती. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गणेश मंडळांचे अहवाल, पतसंस्थांची पत्रकं, आणि दुःखद निधनाची कार्डं. काका पांढरा लेंगा-शर्ट घालायचे, कपाळाला गंध लावायचे, आणि मॉनिटरला रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे. उदबत्तीची राख कीबोर्डात पडायची आणि ती मी ब्रशने झाडायची.

चिन्हांच्या बाबतीत काकांइतका कडक माणूस मी नंतर पाहिला नाही. त्या काळच्या मराठी फाँटांमध्ये कुठलं चिन्ह कुठे जाऊन बसलेलं असेल याचा नेम नसे. लांब डॅश हवा असेल तर ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि शून्य एक पाच एक असे आकडे मारायचे. उघडणारं अवतरणचिन्ह वेगळ्या आकड्यांवर, बंद होणारं वेगळ्याच. दंड, म्हणजे श्लोकाच्या शेवटी असते ती उभी रेघ, एका फाँटात मिळायचा, तर दुहेरी दंड दुसऱ्यात जाऊन शोधावा लागायचा. आकडे पाठ होईपर्यंत मी आखूड डॅशवर भागवायला बघायचे. काका मागे उभे राहून म्हणायचे, ‘‘शोभा, हा डॅश आहे की उंदराची शेपटी? लांब कर तो. वाचणाऱ्याला थांबायला जागा नको?’’ आणि अवतरणचिन्ह उघडून बंद करायचं राहिलं तर, ‘‘अगं, घरात शिरलीस तर दार लावून घेशील की नाही?’’

मग एकदा त्यांना सापडलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या आपण शॉर्टकट करून ठेवता येतात. उलटी तिरकी रेघ मारायची, पुढे दोन इंग्रजी अक्षरं, आणि स्पेस दाबला की हवं ते चिन्ह हजर. काकांना लहान मुलासारखा आनंद झाला. ते त्याला शॉर्टकट म्हणायचे नाहीत, ‘आज्ञा’ म्हणायचे. एम-डी म्हणजे लांब डॅश. डी-डी म्हणजे दुहेरी दंड. एस-आर म्हणजे ओळीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना दुहेरी दंड असलेला श्री. हळूहळू त्यांनी चिन्हांवरून आख्ख्या मजकुरांकडे मजल मारली. छापखान्यात निधनाच्या कार्डाचा खिळ्यांत जुळवलेला मजकूर त्यांनी सुतळीने बांधून कायमचा ठेवलेला असायचा. काळी चौकट, वर श्री, खाली जाड ठशात ‘कै.’, आणि नावापुरती जागा मोकळी. मयताचं नाव तेवढं जुळवायचं आणि छापायचं. तो बांधलेला मजकूर त्यांनी जसाच्या तसा कॉम्प्युटरात आणला आणि त्याला एन-आय ही आज्ञा दिली. तिरकी रेघ, एन-आय, स्पेस. चौकट, श्री, कै. सगळं एका दमात पडद्यावर यायचं आणि कर्सर नावाच्या जागी लुकलुकत थांबायचा.

आमच्यातलं कार्ड आलं की मी काय करायचे ते सांगते. आज्ञा द्यायचे, आणि आलेला श्री खोडायचे. मग ‘कै.’ खोडायचे, आणि त्या जागी ‘कालकथित’ लिहायचे. आमच्यात तसंच लिहितात. कैलासात जाऊन राहण्याशी आमचा संबंध काय? श्रीच्या रिकाम्या जागी एक बारीक रेघ टाकली की कार्ड नीट दिसायचं. गिऱ्हाईक आडनावावरूनच मला ओळखायचं, मीही त्यांना ओळखायचे, त्यामुळे तोंडाने काही बोलावं लागत नसे. काका प्रूफ बघायचे ते डॅश आणि काने-मात्रे बघायला. ‘कालकथित’ त्यांच्या डोळ्यांखालून कितीदा गेलं असेल, पण गिऱ्हाइकाने सांगितलं असेल तसं मुलीने केलं, एवढंच त्यांच्या मनात येत असणार. ती आज्ञा आपण सगळ्यांच्याच माथी मारून ठेवलीय, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. हे ऐकून मला आजही लोक म्हणतात, तू सांगायला हवं होतंस. मी तो दोष अंगाला लावून घेत नाही. मी पोटासाठी तिथे बसले होते, आणि माझं काम मी चोख करत होते.

अण्णांना माझ्या कामाचा भारी अभिमान. कानांनी ऐकू येत नसलं तरी डोळे शाबूत होते आणि रात्रशाळेत शिकल्यामुळे वाचायची गोडी होती. वाया गेलेली कार्डं मी घरी न्यायचे, ते चहा पिता पिता एकेक वाचून काढायचे. एका रविवारी कंपनीतल्या किसनमामांच्या घरून कार्ड आलं. किसनमामा गेले होते, आणि कार्ड कुठल्यातरी दुसऱ्या दुकानात छापलेलं होतं. अण्णांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

‘‘शोभे, ह्ये तुमच्या दुकानातलं हाय का?’’

‘‘नाही अण्णा.’’

‘‘किसन्यानं अन् मी संगं बसून वंदना पाठ केली व्हती. त्याला यायची न्हाई तर मी त्याला चापट मारायचो.’’ ते नेहमीसारखं मोठ्यानं बोलत होते. बाहेर नळावरच्या बायका गप्प झाल्या. ‘‘अन् आता बघ. कै. किसन. जलमभर ज्या दारात गेला न्हाई तिथं मेल्यावर नेऊन बसवला त्याला.’’

‘‘छापणाऱ्याची चूक असेल.’’

‘‘चूक कुनाची बी आसंल. मेलेल्या मानसाला ती दुरुस्त करता येती का?’’ त्यांनी कार्ड उलटं करून ठेवलं. ‘‘माझ्या येळंला आसं व्हता कामा न्हाई.’’

‘‘असं काय बोलताय? आणि मी आहे ना तिथे.’’

‘‘व्हय. म्हनून तर तुला सांगतोय. शब्द दे.’’

मी हसण्यावारी नेणार होते, पण त्यांनी तळहात पुढे केला. घणाच्या कामानं तो लाकडासारखा झालेला. मी त्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. आई म्हणाली, ‘‘रविवारचं काय ह्ये मरनाचं घिऊन बसलाय,’’ आणि तिने आम्हा दोघांपुढे मसुराची आमटी आणि भाकरी आणून आदळली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णांचा खोकला वाढला. भट्टीचा धूर छातीत बसला होता, डॉक्टरांनी मोठी नावं सांगितली. दवाखान्यात त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. आयुष्यभर ओरडणारा माणूस, आणि आता आम्हाला त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागत होता. एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून कंपनीतला घण पुन्हा सुरू व्हायच्या वेळेला, ते गेले. मी फार रडले. रडताना मला सारखं वाटत होतं, की हे रडणं त्यांना ऐकू जाणार नाही, मोठ्यानं रडायला हवं. वेड्यासारखं होतं ते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

घर माणसांनी भरलं. शेजारणींनी पिठलं-भाकरी पाठवली, कंपनीतले लोक पांढऱ्या शर्टात येऊन भिंतीशी बसले. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. कार्डाचं मी बघते, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एक दिवस जाऊ दे, मग दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने करीन, असा माझा बेत होता. पण त्याआधीच काका आले. स्कूटर वस्तीच्या तोंडाशी लावून, लेंगा वर धरून, गटाराच्या कडेकडेने चालत. काका आमच्या घरी कधीच आले नव्हते. दारात चपला काढल्या, आत आले, तसबिरींना हात जोडले आणि आईसमोर खाली बसले. त्यांच्या हातात तपकिरी कागदात बांधलेला गठ्ठा होता.

‘‘वहिनी, शोभाने या दिवसांत दुकानात येऊन वडिलांचं कार्ड करत बसावं हे मला बरं दिसेना. म्हणून मीच केलं. नाव आणि कार्यक्रम आमच्या शेजारच्या शिंद्यांकडून कळला, ते कंपनीतलेच आहेत.’’ त्यांनी गठ्ठा सोडला. ‘‘पैशाचं नाव काढायचं नाही. माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला कागद आहे.’’

खरंच सगळ्यात चांगला कागद होता. हस्तिदंती, जाड, आमच्या गिऱ्हाइकांनी कधी न मागितलेला. साळवेमामांनी वरचं कार्ड उचललं. साळवेमामा म्हणजे अण्णांचे कंपनीतले जोडीदार, सगळ्या कार्यक्रमात पुढे होऊन वाचणारे. त्यांनी घसा साफ केला, वाचायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मी लांबूनच पाहिलं. मला वाचावं लागलं नाही. तो मजकूर मी इतक्यांदा पडद्यावर येताना पाहिला होता, की काळ्या चौकटीतल्या त्या जागा मला दुरूनच कळल्या. वर मधोमध श्री. खाली, जाड ठशात, कै. गेनू बाळू ओव्हाळ.

‘‘ह्ये कुनाचं कार्ड हाय?’’ साळवेमामांनी विचारलं.

‘‘गेनूभाऊंचं,’’ काका म्हणाले.

‘‘न्हाई. ह्ये गेनूचं न्हाई.’’

कुणीतरी मागून रागाने काहीतरी म्हणालं, साळवेमामांनी हात वर करून त्याला थांबवलं. काका आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होते. नाव चुकलं का, दिवस चुकला का, असं ते विचारू लागले. आणि मला राग आला. दुःखाच्या वर चढून आला तो राग. किती प्रेमाने आणलंय हे दिसत होतं म्हणून जास्तच आला. अण्णांचा तो तळहात माझ्या हाताखाली होता, असं मला वाटत राहिलं.

‘‘काका,’’ मी म्हणाले, ‘‘हा श्री कुठून आला?’’

‘‘अगं, आज्ञेतच आहे ना तो. एन-आय. सगळ्यांना तेच जातं.’’

‘‘सगळ्यांना जात नाही. मी खोडते.’’

‘‘खोडतेस?’’

‘‘आमच्यातलं कार्ड आलं की. श्रीपण खोडते आणि कै.पण. प्रत्येक वेळी.’’

काकांनी कार्डाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तसबिरींकडे, ज्यांना त्यांनी आत्ताच हात जोडले होते. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘मला कधी बोलली नाहीस.’’

‘‘तुम्ही कधी विचारलं नाहीत.’’

इतकी वर्षं झाली, पण काकांशी त्या सुरात मी त्याआधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही. साळवेमामा म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमचा वाईट हेतू न्हाई, ते दिसतंय. पर ह्यो मानूस डोस्क्यावर पाटी घिऊन नदीवर गेला व्हता. त्येला पुन्यांदा तिकडं धाडू नका.’’ काकांना पाटीची गोष्ट ठाऊक नव्हती. पण ती विचारण्याची ती वेळ नाही एवढं त्यांना कळलं.

आईने पदर सावरला, गठ्ठा पुन्हा कागदात गुंडाळला आणि काकांच्या हातात दिला. ‘‘ह्यातलं एक बी वाटायचं न्हाई,’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘‘ऊठ. जा त्यांच्यासंगं. अण्णांना तू शब्द दिला व्हतास, मी हितंच बसले व्हते.’’ घरात मयत झालेलं आणि पोरगी दुकानात निघाली, असं पाहुण्यांत कुणीतरी पुटपुटलं. आईने तिकडे नुसतं पाहिलं. मग तिने काकांना म्हटलं, ‘‘च्या घिऊन जावा,’’ आणि काकांनी तो कोरा चहा खाली मान घालून, भांड्याकडे बघत, शेवटपर्यंत प्यायला.

काकांच्या स्कूटरवर मागे बसून मी दुकानात गेले. दुकान उघडून काकांनी कॉम्प्युटर सुरू केला. उदबत्ती लावायला त्यांचा हात गेला आणि थांबला. मी खुर्चीवर बसले, तिरकी रेघ, एन-आय, स्पेस. चौकट आली, श्री आला, कै. आलं. सवयीने माझं बोट खोडायच्या बटणावर गेलं. काकांनी मागून माझ्या खांद्याला हात लावला.

‘‘खोडू नकोस.’’

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, आता हे समजूत घालणार.

‘‘ते आमच्यासाठी बांधलंय. तुमचं त्यात काही खोडून बनवायचं नाही,’’ काका म्हणाले. ‘‘तुमचं वेगळं बांध. पहिल्यापासून.’’

मग आम्ही पहिल्यापासून बांधलं. नवीन पान, चौकट पातळ. ‘कालकथित’ हा शब्द मोठा, म्हणून त्याला स्वतंत्र ओळ. वर काय घ्यायचं, असं त्यांनी विचारलं. हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, धम्मचक्र. त्या फाँटात कलश होता, स्वस्तिक होतं, ओम तीन प्रकारचा होता, नारळ होता, सनई-चौघडा होता. चक्र नव्हतं. काकांनी चष्मा वर केला, खुर्ची ओढली आणि माऊस हातात घेतला. एक गोल काढला, त्यात लहान गोल.

‘‘आरे किती?’’

‘‘आठ.’’

त्यांनी एक आरा काढला, तो फिरवून फिरवून आठ केले. एक जरासा वाकडा बसला होता. तो त्यांनी पुसला आणि पुन्हा काढला, तोंडाने ‘‘थांब, थांब’’ म्हणत, लांब डॅशसाठी माझ्यामागे लागायचे त्याच चिकाटीने. चक्र झालं. मग ‘कालकथित’च्या खालच्या ओळीत मी नाव लिहिलं, गेनू बाळू ओव्हाळ, आणि तिथे मला पडदा दिसेनासा झाला. काका उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. माझं रडून झाल्यावर आत आले आणि म्हणाले, ‘‘आता याला आज्ञा दे. पुढच्या वेळी कुणाला पहिल्यापासून बांधायला लागू नये. दोन अक्षरं सांग.’’

‘‘जी-एन,’’ मी म्हटलं.

त्यांनी ती टाकली. कशाची म्हणून विचारलं नाही. समोर पडद्यावर गेनू लिहिलेलं होतं, त्यांना दिसत होतं.

शेजारच्या ऑफसेटवाल्याने हातातलं काम बाजूला ठेवून कार्डं छापून दिली, त्याच हस्तिदंती कागदावर. दुकानात वाया गेलेल्या कार्डांचे तुकडे करून आम्ही मागच्या बाजूला लिहायला त्यांची पॅडं करायचो, एक कार्ड फुकट जाऊ देत नसू. तो पहिला गठ्ठा मात्र काकांनी स्वतः कटिंग मशीनखाली घातला, बारीक पट्ट्या केल्या आणि पोत्यात भरून बाहेर नेला. कार्यक्रमाच्या दिवशी ते आले होते. सगळ्यांच्या मागे, सतरंजीच्या कडेला बसले. भंतेजींच्या मागे सगळे त्रिशरण म्हणायला लागले तेव्हा त्यांना शब्द येत नव्हते, पण ते हात जोडून शेवटपर्यंत बसून राहिले. जाताना आईने त्यांना गूळ दिला, अण्णांच्या डब्यातला शेवटचा.

आता मी रहाटणीत राहते. पिंपळे गुरवला मोबाइलच्या दुकानावर माझी एक खोली आहे, तिथे दोन मुली काम करतात. ती कंपनी चाकणकडे गेली, घण तिकडे गेला, आमच्या हंड्यातलं पाणी केव्हाच शांत झालं. कार्डं आता फार कुणी छापत नाही. फोनवर पाठवायचं चित्र करून मागतात, तेही तासाभरात. सॉफ्टवेअर चार वेळा बदललं, फाँट बदलले, पण काकांच्या आज्ञांची फाइल मी फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पेनड्राइव्हमध्ये अशी वाहत आणली. दरवेळी नव्या यंत्रात ती बसवून घेते. त्या दोन मुलींपैकी एक, प्रणाली, दिवसातून केव्हातरी तिरकी रेघ मारून जी-एन दाबते आणि आठ आऱ्यांचं चक्र पडद्यावर येतं. तिच्या लेखी ती दोन अक्षरं म्हणजे कीबोर्डावरची दोन बटणं. मी तिला सांगितलेलं नाही. कुठल्याही घरातलं माणूस जावो, माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारल्याशिवाय आमच्यातलं कार्ड तिथे उघडत नाही, आणि हे मला पुरतं. मुलींना मी एकच नियम घातला आहे. बोटं कीबोर्डाला लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, वर काय लिहायचं?

गेल्या पावसाळ्यानंतर देवधर काका गेले. फार म्हातारे झाले होते, माणसं ओळखत नव्हते. मला मात्र डॅशवाली म्हणायचे. त्यांचा मुलगा हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे, त्याने फोनवरून फोटो आणि मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘सिंपल ठेवा, वर काही नको, नाव आणि वेळ पुरे.’ प्रणाली करायला बसली होती. मी तिला थांबवलं, चपला घातल्या आणि चिंचवडला काकूंकडे गेले. काकू खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, त्यांचा हात हातात घेतला.

‘‘काकू, कार्डावर वर काय लिहायचं?’’

‘‘अगं, मुलाने पाठवलंय ना?’’

‘‘पाठवलंय. पण तुम्ही सांगा.’’

‘‘त्यांचं ते असायचं ना,’’ काकू म्हणाल्या, ‘‘मधोमध श्री. ते लाव. त्यांना त्याशिवाय चालायचं नाही.’’

परत येऊन मी प्रणालीला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. तिरकी रेघ, एन-आय, स्पेस. काळी चौकट आली. वर मधोमध श्री आला, दोन्ही बाजूंना दुहेरी दंड घेऊन. खाली जाड ठशात कै. आलं आणि कर्सर नावाच्या जागी लुकलुकत थांबला. मी काकांचं नाव लिहिलं, कार्यक्रमाच्या ओळीत लांब डॅश टाकला, आणि खोडायच्या बटणाला बोट लावलं नाही.